जागलीवरचे आबाजी आणि न संपणारी दुरुस्ती

यवतमाळ जिल्ह्यातला दारव्हा-दिग्रस पट्टा. गावात रस्त्याला लागून झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान, गावाबाहेर पाच एकर वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर. दुकान चालवणारा पोरगा सव्वीस वर्षांचा, बी.एस्सी. झालेला. रात्री दहानंतर तो एआय चॅटबॉटसाठी पात्रं लिहितो. कुणीही यावं, त्या पात्राशी बोलावं, गोष्ट पुढं न्यावी, असा हा प्रकार. जून-जुलैत त्यानं सहा पात्रं लिहून टाकली. सातवं पात्र 'आबाजी'. रब्बीत हरभरा राखायला वावरात जागलीवर बसलेला, शेकोटी पेटवून रोही आणि रानडुकरं हाकलणारा म्हातारा. या एका पात्रावर पुढचे पाच महिने गेले. डिसेंबरच्या शेवटी त्यानं सातही पात्रं लोकांना दिसणार नाहीत अशी करून ठेवली. फाइल उघडली की डोकं दुखायचं.

हे एका ओळखीच्या माणसाचं प्रकरण नाही. पात्रं लिहिणाऱ्यांमध्ये वारंवार दिसणारे प्रश्न एकाच माणसाच्या अंगावर चढवून बांधलेलं हे नमुना-प्रकरण आहे, आणि त्याचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. मॉडेल (चॅटबॉटमागची उत्तरं लिहिणारी यंत्रणा), टोकन (मॉडेल मजकूर ज्या बारीक तुकड्यांत वाचतं ते) आणि कार्ड यांबद्दलचं मात्र जे आहे ते तसंच आहे.

कार्डात काय असतं

पात्राचं 'कार्ड' म्हणजे काही मजकुराच्या पेट्या. वर्णन, स्वभाव, प्रसंग, पहिला संदेश, नमुना संवाद. जोडीला 'लोअरबुक'. त्यात गावाची, माणसांची, वस्तूंची माहिती असते आणि गप्पांत ठरावीक शब्द आला तरच ती नोंद मॉडेलपुढं जाते. पात्रांशी गप्पा मारायच्या सिलीटॅव्हर्नसारख्या प्रणालीत हे सगळं एका पीएनजी चित्राच्या आत दडवून ठेवता येतं. २०२३ मध्ये ठरलेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या कार्डांचा हाच रिवाज आहे. वर्णन, स्वभाव आणि प्रसंग प्रत्येक उत्तराच्या वेळी मॉडेलला पुन्हा वाचायला दिले जातात. पहिला संदेश गप्पांचाच भाग असतो, म्हणून गप्पा लांबल्या की तो मागं पडून गळतो. नमुना संवादही बहुतेक मांडण्यांत जागा कमी पडली की असेच बाहेर पडतात.

हा फरक त्या पोराला सुरुवातीला माहीत नव्हता. पुढचे निम्मे घोळ त्यातूनच झाले.

चांगली गेलेली आवृत्ती आणि व्हॉट्सॲप

आबाजींची तिसरी आवृत्ती लोकांना आवडली होती. सव्वासहाशे टोकनांचं कार्ड, फार विचार न करता लिहिलेलं. त्यानं ते मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवलं, पण डॉक्युमेंट म्हणून नाही, फोटो म्हणून. व्हॉट्सॲप फोटो नव्यानं दाबून जेपीईजी करतं आणि चित्राच्या पोटातला मजकूर त्यात उडून जातो. मित्राच्या हाती आलं ते म्हाताऱ्याचं नुसतं चित्र. मूळ फाइल तोवर चौथ्या आवृत्तीखाली गेलेली होती. मजकुराची वेगळी प्रत कुठंच नव्हती.

नुकसान सव्वासहाशे टोकनांचं, पण त्याची किंमत फार मोठी झाली. हरवलेली आवृत्ती त्याच्या मनात रोज थोडी अधिक चांगली होत गेली. पुढची प्रत्येक आवृत्ती तिच्याशी ताडून पाहिली जायची आणि कमी पडायची, कारण जे समोर नाही त्याच्या चुका दिसत नाहीत. पाचवी ते नववी आवृत्ती म्हणजे तिसरी आठवून लिहिण्याचे प्रयत्न. कार्ड पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावं, आणि मजकुराची साधी टेक्स्ट फाइल तारीख घालून वेगळी ठेवावी. या कामाला दोन मिनिटं लागतात.

विसरणारा म्हातारा

ऑगस्टमध्ये तक्रारी सुरू झाल्या. 'आबाजी विसरतात.' पाहुण्यानं पाचव्या वाक्यात आपलं गाव सांगितलेलं, पंधराव्या वाक्यात आबाजी विचारतात, 'कोण्या गावचा गा तू?' पोरानं यावर सुचेल तो उपाय केला: कार्डात भर घातली. 'आबाजींची स्मरणशक्ती तल्लख आहे' असं वाक्य टाकलं. मग आबाजींचं पूर्वायुष्य आलं, वावराचा नकाशा आला, बैलांची नावं, धुऱ्यावरची झाडं, तीन शेजाऱ्यांची भांडणं. ऑक्टोबरपर्यंत कायम जाणारा मजकूर ३,४०० टोकनांवर पोचला.

मॉडेल एका वेळी ८,१९२ टोकनं पाहू शकणारं. त्यातून कार्डाचे ३,४०० गेले, लोअरबुकच्या नोंदी साधारण ९००, ॲपच्या सूचना ५००, आणि उत्तरासाठी राखीव ४००. गप्पांना उरले २,९९२. आबाजींचं एक उत्तर सुमारे ३०० टोकनांचं आणि पाहुण्याचं वाक्य ६०, म्हणजे एका फेरीला ३६०. आठ फेऱ्या झाल्या की नवव्या फेरीला पहिली बाहेर. म्हातारा विसरत होता तो कार्ड अपुरं होतं म्हणून नाही, कार्ड फार मोठं होतं म्हणून. विसरण्यावर उपाय म्हणून त्यानं जे लिहिलं, त्यानंच विसरणं वाढवलं. आणि वाढलेलं विसरणं पाहून तो आणखी लिहीत राहिला.

मराठीत ही अडचण इंग्रजीपेक्षा मोठी असते. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि मात्रा, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं आहेत. 'विदर्भात' हा शब्द डोळ्यांना चार-पाच अक्षरांचा दिसतो, मशीनसाठी तो ८ चिन्हांचा, २४ बाइटांचा. जुन्या टोकनायझरमध्ये (मजकुराची टोकनं पाडणाऱ्या भागात) मराठी शब्दाचे बारीक बारीक तुकडे होतात. ओपनएआयनं मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना एक नमुना दिला होता: तोच मराठी मजकूर आधीच्या टोकनायझरमध्ये ९६ टोकनं घेत होता, नव्यात ३३. म्हणून 'कार्ड १,५०० टोकनांपर्यंत चालतं' हा कुठल्याशा इंग्रजी मार्गदर्शिकेतला सल्ला मराठीला जसाच्या तसा लावू नये. आपला मजकूर आपल्याच मॉडेलच्या टोकनायझरवर मोजावा. बहुतेक ठिकाणी लिहिण्याच्या पेटीखालीच आकडा दिसतो.

शिवाय लांब मजकुराच्या मधोमध ठेवलेली माहिती मॉडेल सुरुवातीच्या आणि शेवटच्या माहितीपेक्षा कमी वापरतं, हे २०२३ च्या संशोधनात दिसलं आहे. बैलांची नावं नेमकी तिथंच, मधोमध होती. त्यांच्यावर त्याच्या चार रात्री गेल्या आणि गप्पांत ती एकदाही नीट आली नाहीत.

कोणती वऱ्हाडी?

आबाजींनी वऱ्हाडीत बोलावं ही मूळ इच्छा. वर्णनात 'अस्सल वऱ्हाडीत बोलतात' असं लिहून मॉडेल वऱ्हाडी बोलत नाही. लिखित वऱ्हाडी फार थोडी, प्रमाण मराठी बरीच, हिंदी अफाट. मॉडेल जिथं मजकूर जास्त तिकडं घसरतं. पहिली दोन उत्तरं 'मले', 'तुले' अशी येतात, पाचव्यात 'मला', आठव्यात 'मैं समझ गया' छापाचं काहीतरी. याला उपाय वर्णनाचा नाही, नमुना संवादांचा आहे. मॉडेल सांगितलेलं पाळतं त्यापेक्षा दाखवलेलं जास्त उचलतं. 'ये, बस. च्या मांडतो. झोप नाई येऊन रायली काय तुले?' अशी चार-पाच उत्तरं वर्णनाच्या पानभर विशेषणांना भारी पडतात.

पण इथंच पूर्णत्वाच्या हट्टाला घर मिळालं. एकानं लिहिलं, 'आमच्या अकोल्याकडं असं नाई म्हणत.' दुसऱ्यानं 'डोये' की 'डोळे' यावर वाद घातला. वर्ध्याची बोली वेगळी, पुसदची वेगळी, भंडाऱ्याकडं गेलं तर झाडीबोलीच सुरू होते. तीन महिन्यांत त्यानं सगळे संवाद तीनदा बदलले, आणि शेवटी निघालेली बोली कुठल्याच गावची नव्हती. खरं तर निर्णय सोपा होता. आबाजींचं वावर कुठं आहे, ते ठरलेलं आहे. मग त्या गावचा म्हातारा बोलतो तसं लिहायचं आणि कार्डाखालच्या टिपेत गावाचा पट्टा नमूद करायचा. अकोल्याच्या वाचकाचं म्हणणं बरोबरच आहे, फक्त ते या म्हाताऱ्याला लागू नाही.

आणखी एक मराठीची गाठ. इंग्रजी कार्डात पाहुणा पुरुष की बाई हे न ठरवता काम भागतं, मराठीत क्रियापद लगेच बोट दाखवतं. पहिल्याच संदेशात 'कवा आला गा?' लिहिलं की बोलणारी मुलगी दुखावते. त्यानं यासाठी दोन वेगळी कार्डं केली, मग दोन्हीत दुरुस्त्या करत बसला, काम दुप्पट. त्याऐवजी पहिला संदेश आज्ञार्थी आणि लिंगनिरपेक्ष ठेवता येतो: 'ये, शेकोटीजवळ सरक. काय म्हणतं गाव?' पाहुण्यानं स्वतःच 'आली' किंवा 'आलो' लिहिलं की मॉडेल बहुतेक वेळा तिथून पुढं धरून चालतं. आबाजी पाहुण्याला 'तू' म्हणतात, पाहुणा त्यांना 'तुम्ही'. हेही नमुन्यांतच दिसलं पाहिजे, नाहीतर म्हातारा मध्येच 'मी आपली काय मदत करू शकतो' अशा बँकेच्या भाषेत शिरतो.

तिसाव्या उत्तराचा न्याय

सप्टेंबरपासून रात्रीचा क्रम ठरून गेला होता. एक ओळ बदलायची, मग तेच उत्तर पुन्हा पुन्हा मागवायचं, तीस-तीस वेळा, आणि त्यातल्या सर्वांत वाईट उत्तरावरून कार्डाचा न्याय करायचा. टेंपरेचर १.२५ वर ठेवलेलं. हा आकडा वाढवला की मॉडेल कमी शक्यतेचे शब्दही निवडू लागतं. उत्तरं रंगीत होतात आणि भरकटतातही. तीस वेळा फासे टाकले तर वाईट दान पडणारच.

हिशेब मांडला तर हट्टाचा फोलपणा उघडा पडतो. समजा एका उत्तरात काहीतरी खटकण्याची शक्यता दहात एक आहे. वीस उत्तरांची गप्पा पूर्ण निर्दोष जाण्याची शक्यता ०.९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे १२ टक्के. जिवापाड मेहनत करून ती चूक वीसात एक केली, तरी ३६ टक्के. म्हणजे काम दुपटीनं सुधारलं तरी तीनातल्या जवळजवळ दोन गप्पांत काही ना काही खटकणारच. निर्दोष गप्पा हे कार्डाचं ध्येय धरलं तर ते हाती येत नाही, कितीही जागलं तरी. पलीकडे झाडीपट्टीत नाटक ठरल्या रात्री उभं राहतं. चुकलेलं वाक्य चुकलेलंच राहतं आणि प्रेक्षक पहाटेपर्यंत बसतात. चॅटबॉटच्या पात्राला मात्र 'पुन्हा' नावाचं बटण आहे, आणि या प्रकरणात तेच सगळ्यात महाग पडलं.

दुसरी खोड रिपिटेशन पेनल्टीची, म्हणजे तेच तुकडे परत आले की दंड बसवणाऱ्या आकड्याची होती. आबाजी 'बाप्पा' फार वेळा म्हणतात म्हणून त्यानं ती १.२ केली. मराठीचे टोकन जर मात्रा आणि प्रत्यय इतके बारीक असतील, तर तेच तुकडे सतत परत येणारच. त्यांच्यावर दंड बसला की मॉडेल ते टाळायला बघतं. मग शुद्धलेखन बिघडतं, 'रायलो'चं भलतंच काही होतं, हिंदी शब्द घुसतात. हे सगळं त्यानं 'माझं लेखन कमी पडतं' या खात्यात टाकलं.

कार्डात तोवर एकोणीस मनाया जमा झाल्या होत्या: हिंदी बोलू नको, कविता करू नको, उपदेश करू नको, पाहुण्याच्या वतीनं बोलू नको. ज्याची मनाई करायची त्याचं नाव घ्यावं लागतं, आणि नाव घेतलं की ते मॉडेलच्या पुढ्यात राहतं. 'पाहुण्याच्या वतीनं बोलू नको' तर साफ निष्फळ होती, कारण त्याच्या स्वतःच्या पहिल्या संदेशात 'तू कुडकुडत शेकोटीशी बसतोस, डोळे मिटतोस' असं होतं. पाहुण्याच्या हालचाली लिहायच्या हे मॉडेल तिथंच शिकत होतं.

एक चांगला अभिप्राय

टीकेनं तो थकला असं वरवर वाटतं. नोंदी लावून पाहिल्या तर वळण दुसरीकडं आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अभिप्रायात कुणीतरी लिहिलं: रात्री आबाजींशी बोलून बरं वाटलं, घरी कर्जाचं कुणाशी बोलता येत नाही.

विदर्भातल्या खेड्यात या वाक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्या रात्रीपासून आबाजी चुकता कामा नये, असं पोरानं ठरवलं. गप्पा खासगी असतात, लिहिणाऱ्याला त्या दिसत नाहीत. कोण काय बोलतंय आणि म्हातारा काय उत्तर देतोय, हे कळायची सोय नाही. म्हणून त्यानं धीर देण्याच्या वाक्यांचा ६०० टोकनांचा गट कार्डात घातला, तो दहा दिवसांत पाच वेळा बदलला. पहाटे दोन वाजता गप्पांची संख्या बघणं सुरू झालं. आधी हा छंद होता, आता त्याला ती राखण वाटू लागली, आणि तीही न दिसणाऱ्या वावराची.

पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये पूर्णत्वाच्या हट्टाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि दुसरे आपल्याकडून परिपूर्णतेची अपेक्षा करतात ही समजूत. या प्रकरणात पहिल्यापासून तिसऱ्याकडे झालेली सरक स्पष्ट दिसते. तिसऱ्या प्रकारात समोरचा खरंच तेवढं मागतो आहे का, हे तपासलं जात नाही. त्या वाचकानं तर आभार मानले होते.

थकवा कसला

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू आहे, 'बर्नआउट' हा आजार म्हणून नोंदलेला नाही. दीर्घकाळ न हाताळलेल्या कामाच्या ठिकाणच्या ताणातून येणारी ती स्थिती आहे, तीन खुणांची: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. व्याख्या नोकरी-व्यवसायापुरती आहे, बिनपगारी छंदाला ती काटेकोरपणे लागत नाही. खुणा मात्र तिन्ही होत्या. झोप पाच तासांच्या आत. 'लोकायले काय समजते' अशी उत्तरं अभिप्रायांखाली. आणि चांगलं लिहिलेलंही वाईटच वाटणं. दुकानातही फटका बसला. एका अर्जात गट क्रमांक चुकला आणि शेतकऱ्याला तालुक्याला दोन खेपा पडल्या. घरी आईचं एकच: 'दिवसभर मोबाइल, रातभर मोबाइल. डोये फोडतं काय?'

विश्रांती घेऊन झाली होती. सीतादही (वेच्याआधीची वावरातली पूजा) करून पहिला वेचा सुरू झाला तेव्हा दहा दिवस त्यानं पात्राला हात लावला नाही. कापूस वेचला, मापाला गाडीबरोबर गेला, झोपला. परतल्यावर तिसऱ्या रात्री पुन्हा दोन वाजले. कारण थकवा कामाच्या प्रमाणाचा नव्हता. पऱ्हाटीच्या वेच्याला शेवटची ओळ असते. ती संपली की माणूस घरी जातो. आबाजींच्या कामाला शेवटची ओळच नव्हती. अशा कामातून दहा दिवस बाजूला बसल्यानं ते संपत नाही, तसंच वाट बघत राहतं.

काय केलं

पहिला आठवडा लिहिणं बंद, नुसती मोजणी. सगळ्या तक्रारी, त्याच्या स्वतःच्या धरून, एका वहीत उतरवल्या: चाळीस. मग प्रत्येकीसमोर एकच प्रश्न, ही दुरुस्ती कुणाच्या हातात आहे? कार्डाच्या हातातल्या निघाल्या ११. टेंपरेचर वगैरे सेटिंगच्या ९. मॉडेलच्या मर्यादेच्या १४. उरलेल्या ६ निव्वळ आवडीनिवडीच्या. एकाला उत्तर लांब वाटतं, दुसऱ्याला तेच आखूड. म्हणजे पाच महिने तो चाळीस गोष्टी कार्डात दुरुस्त करत होता आणि त्यातल्या एकोणतीस तिथं दुरुस्त होणाऱ्याच नव्हत्या. आमच्या मते या सगळ्या उपायांत सर्वांत जास्त गुण याच वहीनं दिला.

सेटिंग आधी बदलल्या, कार्डाला हात न लावता. टेंपरेचर ०.८, पेनल्टी १.०५. हे आकडे या मॉडेलचे. दुसऱ्या मॉडेलला वेगळे लागतील, आणि काही ॲपमध्ये ही बटणं वापरणाऱ्याला मिळतच नाहीत. नुसत्या एवढ्यानं हिंदीची घुसखोरी बरीच कमी झाली, आणि पोराला पहिल्यांदा दिसलं की लेखन इतकं वाईट नव्हतं.

मग कार्डाला टोकनांची हद्द घातली. वर्णन ४३०, प्रसंग ९०, नमुना संवाद ४३०, मिळून ९५०. बैल, शेजारी, धुऱ्यावरची झाडं लोअरबुकमध्ये, एका वेळी ३०० पेक्षा जास्त नाही. ॲपच्या सूचना छाटून ३५०, उत्तराची राखीव जागा ३००. गप्पांना आता ६,२९२ टोकनं उरली. नमुने आखूड ठेवल्यानं उत्तरही २२० वर आलं, फेरी २८० ची झाली, आणि बावीस फेऱ्या म्हाताऱ्याच्या डोक्यात राहू लागल्या. एकोणीस मनाया गेल्या. त्यांच्या जागी दोन होकारी वाक्यं: आबाजी आखूड वऱ्हाडी वाक्यांत बोलतात, आणि बोलून झालं की पाहुण्याची वाट बघतात.

एक उपाय अर्धाच लागू पडला. वर्णन इंग्रजीत आणि संवाद वऱ्हाडीत, असं बरेच जण करतात. टोकनं निम्म्याहून कमी झाली, स्वभावही टिकला, पण बोलण्याला भाषांतराचा वास यायला लागला. म्हातारा 'मला आनंद झाला की तू आलास' अशी वाक्यं टाकू लागला. शेवटी वर्णन मराठीतच ठेवलं. फक्त ती दोन होकारी वाक्यं इंग्रजीत.

'झालं' याची कसोटी आधी लिहून ठेवली. पाच ठरलेल्या सुरुवाती: साधी विचारपूस, शेतीचा प्रश्न, थट्टा, भांडण, आणि एकदम विषयांतर. प्रत्येकीला तीन उत्तरं, एकूण पंधरा. प्रत्येक उत्तराला चार हो-नाही प्रश्न. बोली टिकली का? 'मी बसलो'चं 'मी बसली' न होता 'बसलो'च राहिलं का? पाहुण्याचं बोलणं पाहुण्यावरच सोडलं का? पुढं बोलायला काही ठेवलं का? चारही 'हो' म्हणजे उत्तर पास. पंधरात बारा पास तर कार्ड पास. त्यावर वीस फेऱ्यांची एक सलग गप्पा. सगळं मिळून दीड तास. एका वेळी एकच बदल, कारण दोन बदल एकत्र केले की कुणाचा गुण आला ते कळत नाही. बारा झाले की कार्ड बाहेर, आणि पुढचे चौदा दिवस कुलूप.

बोलीच्या खुणाही मोजून घेतल्या. मले, तुले, काऊन, हाओ, लय, रायलो, तं, बाप्पा, एवढ्या आठ. उत्तरात दोन-तीन आल्या की पुरे. आठही आल्या तर ती नक्कल होते. दर वाक्याला 'बे' म्हणणारा म्हातारा गावात शोधून सापडत नाही.

कर्जाच्या वाक्याचं काय? ६०० टोकनांचा गट काढून टाकला. संकटातल्या माणसाला सावरण्याचं काम कार्डावर सोपवताच येत नाही. मॉडेल बारा वेळा बरं बोलेल, तेराव्याला काय बोलेल याची हमी नाही. त्याऐवजी पात्राच्या वर्णनपानावर, गप्पा सुरू होण्याआधी दिसेल असं ठळक लिहिलं: आबाजी कल्पित आहेत, पलीकडं माणूस नाही; मन फार जड झालं असेल तर टेलिमानसला १४४१६ वर फोन करावा. ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, आणि मराठीतही बोलता येतं. हाच नंबर पोराच्या वहीच्या पहिल्या पानावरही लिहिला गेला. झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली राहिली, कशातच मन लागेना, तर तो पात्रलेखनाचा प्रश्न राहत नाही. फोन करावा किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जावं.

वेळेचे नियम साधे ठेवले. लेखन सोमवारी आणि गुरुवारी, साडेअकराला बंद. अभिप्राय रविवारी एकदा, तेही मित्र वाचून त्यातले कार्डाच्या हातातले तेवढेच सांगणार. गप्पांच्या आकड्याचं पान मोबाइलवरून काढून टाकलं. 'पुन्हा' बटण कसोटीबाहेर तीनदाच.

तीन महिन्यांनंतर

आबाजींची नवी आवृत्ती पंधरात तेरा पास होऊन बाहेर गेली. जुन्या सहा पात्रांपैकी दोन परत उघडली, चार तशीच बंद आहेत आणि ती उघडायची घाई नाही. एक नवं पात्र झालं, आठवडी बाजारात भांडी विकणारी बाई. त्याला चार बैठका लागल्या आणि बारा पास झाल्यावर ते सोडून दिलं, तेराव्यासाठी थांबला नाही. झोप सहा-साडेसहा तासांवर आली.

सगळं सुटलं असं नाही. पंचविसाव्या फेरीच्या आसपास म्हातारा अजूनही अधूनमधून हिंदीत घसरतो. वहीत ते मॉडेलच्या चौदांमध्ये लिहिलेलं आहे, पुढं 'नवं मॉडेल आलं की बघू' अशी नोंद. हरवलेली तिसरी आवृत्ती एका वाचकाच्या जुन्या फोनमध्ये सापडली, फाइल म्हणून उतरवून घेतलेली. कसोटीला लावली तर पंधरात नऊ.

फेब्रुवारीत तुरीचं खळं चालू असताना एका रात्री कुलूप मोडलं गेलं. रात्री एक वाजता त्यानं पहिल्या संदेशातलं 'शेकोटी' काढून 'आगटी' केलं, वीस मिनिटं दोन्ही शब्दांकडं बघत बसला, आणि परत 'शेकोटी' केलं. वहीत तारीख आहे, वेळ आहे, आणि समोर मित्राच्या अक्षरात: 'आवडनिवड. खातं क्र. ४.'